शनिवारचे पाहुणे आणि सोमवारचा शिक्षक

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला, तेव्हा त्याविषयी शंका घेणारा माणूस मुलांच्या आनंदाचा वैरीच ठरावा, असे वातावरण निर्माण झाले होते. प्राणायाम आणि ध्यान, आपत्ती व्यवस्थापन, रस्ते सुरक्षा, नातेसंबंध हाताळण्याचे कौशल्य आणि ‘दैनंदिन जीवनातील वित्त व्यवस्थापन’ अशी उपक्रमांची यादी शासनाने दिली. तत्पूर्वी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे जावे, असे सुचविले होते. २०२१ मध्ये केंद्र शासनाची ‘विद्यांजली’ योजना नव्या स्वरूपात आली. तिच्याद्वारे कोणाही स्वयंसेवकाला सरकारी शाळेत जाऊन शिकविण्याची आणि कोणाही दात्याला शाळेस वस्तू देण्याची वाट मोकळी झाली. थोडक्यात, प्राथमिक शाळेचा आठवडा आता उपक्रमांनी आणि पाहुण्यांनी भरलेला असावा, हे शासनाचे अधिकृत धोरण झाले आहे.

या धोरणासंबंधी आपल्या कार्यकर्त्यांत दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आढळतात. काहींना हे सारे शहरी मध्यमवर्गीय पालकांचे चोचले वाटतात. ‘मुलांना लिहितावाचता येत नाही आणि यांना श्वासोच्छ्वास शिकवायचा आहे,’ असे ते म्हणतात. दुसरे काही मित्र याच्या उलट, कृतीतून शिक्षण ही तर आपलीच जुनी मागणी, ती सरकारने मान्य केली म्हणून समाधान व्यक्त करतात. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. उपक्रम नकोत असे म्हणणे हे आपल्याच परंपरेशी वैर होईल. परंतु उपक्रम आले म्हणजे शिक्षण आले, असे मानणे हे भाबडेपणाचे होईल. प्रश्न असा आहे की, हे उपक्रम कोणाच्या खर्चाने, कोणाच्या वेळातून आणि कोणाच्या हितासाठी चालतात? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि समाजवाद्याने तर तो सर्वप्रथम विचारला पाहिजे.

एका वहीची साक्ष

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत चौथीत शिकणाऱ्या मुलीची ‘उपक्रम वही’ मला पाहावयास मिळाली. रोज काय झाले ते दोन-चार ओळींत लिहावे, असा तिच्या गुरुजींचा दंडक आहे. शाळेचे आणि मुलीचे नाव येथे अप्रस्तुत आहे, कारण अशा शाळा आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. त्या वहीतील एका आठवड्याचा सारांश असा:

सोमवारी गुरुजींनी तिसरी आणि चौथीला एकत्र बसवून पाढे घेतले. मंगळवारी गुरुजी मतदारयादीच्या कामासाठी गेले. चारही वर्ग बाईंकडे होते, म्हणून शुद्धलेखन झाले. बुधवारी एका बँकेचे साहेब आले, त्यांनी बचतीचे महत्त्व सांगितले आणि प्रत्येकाला बँकेचे नाव छापलेला गल्ला दिला. गुरुवारी मोठे पाहुणे येणार होते म्हणून स्वागतगीताची तयारी झाली. पाहुणे आले नाहीत. शुक्रवारी साबणाच्या कंपनीची माणसे आली आणि त्यांनी हात कसे धुवावेत ते दाखविले. त्या दिवशीची नोंद मी त्या मुलीच्याच शब्दांत देतो: ‘साबण छान होता. नळाला पाणी नव्हते.’ शनिवारी डोळे मिटून बसणे आणि रंगकाम झाले. गुरुजींनी सगळ्याचे फोटो काढले.

या सहा शब्दांत एका चौथीतल्या मुलीने आपल्या शिक्षणव्यवस्थेवर जे भाष्य केले आहे, त्याहून अधिक नेमके भाष्य मला एखाद्या आयोगाच्या अहवालात सापडलेले नाही. तिने तक्रार केलेली नाही. तिने फक्त पाहिले ते लिहिले आहे.

तासांचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. त्याच अनुसूचीप्रमाणे ६० पर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चार इयत्ता असतील, तर प्रत्येक शिक्षकाकडे दोन इयत्ता आल्या. दोन्हींकडे सारखे लक्ष दिले, तर चौथीच्या मुलीच्या वाट्याला शिक्षकाचे ८०० नव्हेत, ४०० तासच येतात. दुसरा शिक्षक ज्या दिवशी बाहेर असेल, त्या दिवशी तिचा वाटा पावावर येतो. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका या कामांसाठी शिक्षकाला नेण्याची मुभा त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने दिलेली आहे. आणि या मुभेचा दरवाजा किती रुंद उघडलेला असतो, हे ग्रामीण भागातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. त्याशिवाय माहिती भरणे, छायाचित्रे चढविणे, आहाराचा हिशेब ठेवणे ही कामे आहेतच.

अशा शाळेत पाहुणा येतो, तेव्हा तो रिकाम्या जागेत येत नाही. तो चारही इयत्तांना एकदम पटांगणात बसवितो आणि त्यांचा एक तास घेतो. स्वागतगीताची तयारी, सजावट, शाल, नारळ आणि अहवाल हे धरले तर एका तासाच्या भाषणाला मुलांचे तीन-चार तास सहज लागतात. ज्या शाळेत प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक आहे, तिथे हा तास म्हणजे विरंगुळा आहे; ज्या शाळेत चौघांचे ताट दोघांत वाढलेले आहे, तिथे तो तास म्हणजे ताटातला घास आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या सुमारे २३ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ही मुले मंद नाहीत. त्यांना शिक्षक पुरेसा मिळालेला नाही, आणि मिळाला तो वारंवार उचलून नेला गेला आहे.

कोण बोलतो आणि कोण ऐकतो

पाहुणा कोण, हा दुसरा प्रश्न. बँकेचे अधिकारी, कंपनीचे प्रतिनिधी, स्थानिक पुढारी, ‘प्रेरक’ वक्ते ही मंडळी शाळेत का येतात? ती वाईट माणसे आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु प्रत्येकाला काहीतरी द्यायचे असते आणि त्या देण्यावर त्याचे नाव छापलेले असते. सात-आठ वर्षांचे मूल ही त्यांच्या दृष्टीने उद्याची गिऱ्हाईक असते, नाही तर आजचे छायाचित्र असते.

बचतीच्या व्याख्यानाचेच उदाहरण घ्या. ज्या घरात वर्षातले काही महिने मजुरी मिळते आणि काही महिने मिळत नाही, जिथे दुकानदाराची उधारी हाच महिन्याचा अंदाजपत्रकातला पहिला आकडा असतो, त्या घरातल्या मुलीला ‘बचत करा’ असे सांगणे म्हणजे काय सांगणे? तुमचे दारिद्र्य हे तुमच्या सवयींचे फळ आहे, हेच तिला न बोलता शिकविले जाते. मजुरी कमी का, कर्जाचे व्याज इतके का, शेतमालाचा भाव कोण ठरवितो, यांतील एकही प्रश्न त्या गल्ल्यात मावत नाही. हे ‘वित्त व्यवस्थापन’ अर्थशास्त्र नव्हे. ही गरिबाला दिलेली समज आहे.

जून २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासून प्राथमिक सैनिकी प्रशिक्षण द्यावे आणि त्यासाठी माजी सैनिकांचे साहाय्य घ्यावे, अशी कल्पना जाहीर केली. माजी सैनिकांविषयी आदर बाळगूनही विचारले पाहिजे की, सहा वर्षांच्या मुलाला प्रथम कशाची गरज आहे? त्याला वाचून दाखविणारा, त्याची चूक प्रेमाने दुरुस्त करणारा, तो दोन दिवस आला नाही तर त्याच्या घरी जाणारा शिक्षक हवा आहे. कवायत करून घेणारा पाहुणा शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही.

त्याच वहीत पुढल्या आठवड्यातली एक नोंद मात्र अर्धे पान भरून आहे. गुरुजी मुलांना घेऊन कुंभारवाड्यात गेले. या वेळी पाहुणा शाळेकडे आला नाही, शाळा पाहुण्याकडे गेली. वृद्ध कुंभाराने चाक फिरवून दाखविले, मुलांनी माती मळली, आणि मग प्रश्न सुरू झाले. माती कुठून आणता? पूर्वी कुठून आणत होता? भट्टीत किती माठ फुटतात? मुलीने हिशेब मांडला आहे: १०० पैकी १५ फुटले, राहिले ८५. खाली तिने लिहिले आहे: ‘फुटलेल्या माठांचे पैसे कोण देणार? आजोबा म्हणाले, कोणी नाही.’ वजाबाकी झाली, भाषा झाली, विज्ञान झाले आणि अर्थशास्त्राचा पहिला धडाही झाला: उत्पादनातील जोखीम कोणाच्या माथी मारलेली आहे, हा. बँकेच्या साहेबांवर त्या वहीत दोन ओळी आहेत. उपक्रम कोणता खरा आणि कोणता खोटा, याचा निवाडा मुलांनीच केलेला आहे. वाईट एवढेच की त्या कुंभाराचा अर्धा दिवस बुडाला. बँकेच्या साहेबांना शाल मिळाली, त्याला काही मिळाले नाही. कारण त्याच्यासाठी कोणत्याही शीर्षाखाली तरतूद नाही.

दान आणि कर

पाहुण्यांच्या या गर्दीमागे एक अर्थनीती आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र शासनाने कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे त्या वेळी अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. दुसरीकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्यास सांगितले आहे आणि शिक्षण हे त्यातले एक आवडते क्षेत्र आहे. याचा अर्थ उघड आहे. जो पैसा कर म्हणून आला असता, ज्यातून विधिमंडळाच्या मंजुरीने शिक्षक नेमता आले असते, तो आधी सोडून द्यायचा. आणि मग त्याचा एक लहानसा अंश दान म्हणून, दात्याच्या इच्छेने, दात्याच्या नावाने परत घ्यायचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना काढली. ग्रामीण भागातील शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना १ कोटी रुपयांच्या वस्तू व सेवा दिल्या, की देणाऱ्याने सुचविलेले नाव शाळेला जोडण्याची सोय तिच्यात ठेवली. त्याच सुमारास २० हून कमी मुले असलेल्या सुमारे १४ हजार ७०० शाळांचे ‘समूह शाळां’त रूपांतर करण्याचा विचार पुढे आला. त्या शाळांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. एका हाताने शाळा दत्तक द्यायची आणि दुसऱ्या हाताने मिटवायची, यांत विसंगती दिसते खरी, पण ती वरवरची आहे. दोन्हींचे सूत्र एकच: प्राथमिक शिक्षण ही शासनाची अटळ जबाबदारी राहिलेली नाही.

शिक्षकाच्या बाबतीत तर ही वाटचाल फार आधी सुरू झाली. २००० साली महाराष्ट्राने ‘शिक्षणसेवक’ ही पद्धत आणली आणि प्राथमिक शाळेतल्या नव्या शिक्षकाला तीन वर्षे ३ हजार रुपये मानधनावर राबविले. हे मानधन वाढत वाढत २०२३ पासून १६ हजारांवर आले, पण पद्धत कायम राहिली. शिक्षकाला ‘सेवक’ आणि व्याख्यात्याला ‘मार्गदर्शक’ म्हणणाऱ्या व्यवस्थेत मान कोणाला आणि राबणे कोणाच्या वाट्याला, हे शब्दांवरूनच कळते.

आपला वारसा

कृतिशील शाळेची कल्पना आपल्याला कोणा परदेशी तज्ज्ञाने वा मंत्रालयाने शिकविलेली नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. शेतीचे व्यावहारिक ज्ञान, आरोग्य, हिशेब हे विषय त्यांना अभ्यासक्रमात हवे होते. शिक्षक असा असावा की गरज पडल्यास नांगराची मूठ वा सुताराचे हत्यार हाती धरण्यास त्याला लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. आणि अशा शिक्षकाला चांगला पगार द्या, हेही त्यांनी त्याच निवेदनात सांगितले. शाळेला भेट देणाऱ्यांविषयीही त्यांचे मत स्पष्ट होते. अधिकाऱ्याने वर्षातून एकदा येऊन भागत नाही, तो वारंवार यावा आणि कधीकधी पूर्वसूचना न देता यावा! स्वागतगीत म्हणवून घेणारा पाहुणा आणि न सांगता येऊन नळाला पाणी आहे का ते पाहणारा पाहुणा, यांतला फरक जोतीरावांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी ओळखला होता.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. तेथे उद्योग हा शनिवारचा विरंगुळा नव्हता, तो रोजच्या गणिताचा आणि भाषेचा पाया होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे ते कोसबाडला गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावला नाही. मुले गुरांमागे कुरणात जातात, तर शाळाच कुरणात नेऊ, असे म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. साधने त्यांनी दगड, बिया, पाने यांचीच केली. उपक्रमाला दाता लागत नाही; त्याला जीव लावणारा आणि उद्याही तिथेच असणारा शिक्षक लागतो, हा कोसबाडचा धडा आहे.

१९६६ साली कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि परिसर-शाळा या दोन्ही कल्पना एकत्र मांडल्या. आपले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. श्रीमंताचे आणि मजुराचे मूल एकाच शाळेत बसावे आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, हे त्या अहवालाचे मर्म होते. ६ टक्क्यांचे उद्दिष्ट १९६८ च्या, १९८६ च्या आणि २०२० च्याही धोरणात आले. प्रत्यक्षात ते अजून गाठले गेलेले नाही. कोठारी आयोगातला कार्यानुभव तेवढा सरकारने उचलला. परिसर-शाळा आणि पैसा मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवला.

एका आक्षेपाचा विचार

‘शिक्षक मिळेपर्यंत मुलांनी काय करायचे? पाहुणा आला तर निदान काही तरी कानावर पडते,’ असे काही प्रामाणिक शिक्षक म्हणतात. या म्हणण्यातली कळकळ मी जाणतो. खेड्यातल्या मुलाला बाहेरचे जग दिसण्याचे प्रसंग थोडे असतात, हेही खरे आहे. परंतु ‘निदान काही तरी’ हीच गरिबांच्या शिक्षणाची कायमची पातळी झाली आहे, याचे काय? श्रीमंतांच्या शाळेत पाहुणा येतो तो भरल्या ताटावरचे लोणचे म्हणून. आपल्या शाळेत भाकरीऐवजी लोणचे वाढले जाते, आणि ते चविष्ट आहे म्हणून आपण टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असते. तात्पुरती सोय म्हणून स्वीकारलेली गोष्ट या देशात किती वर्षे टिकते, हे शिक्षणसेवकांना विचारा.

आपण काय करावे

निषेधाचा ठराव करून हा प्रश्न सुटणार नाही. कायद्याने आपल्या हाती एक साधन दिलेले आहे, त्याचा आपण वापर करीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ही समिती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरली आहे. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील वा वस्तीतील पालकांसह तिच्या बैठकीला बसावे आणि पुढील गोष्टींचा आग्रह धरावा.

पहिली, शाळेत कोण बोलणार हे वरून आलेला आदेश वा एखादी कंपनी ठरविणार नाही. समिती आणि शिक्षक ठरवतील. दुसरी, कोणत्याही मालाची, बँकेची वा पक्षाची जाहिरात असलेली वस्तू वर्गात वाटली जाणार नाही, आणि यात आपला पक्षही आला. तिसरी, पाहुणा म्हणून प्रथम मान गावातल्या श्रमिकाचा: आशा कार्यकर्ती, सुईण, कुंभार, ऊसतोडणी कामगार, टपाल वाटणारा, सफाई कामगार. त्यांचा बुडालेला रोज शाळेने द्यावा आणि त्यासाठी शाळेच्या विकास आराखड्यात तरतूद असावी. चौथी, मुलांनी प्रश्न विचारल्याशिवाय कार्यक्रम संपणार नाही. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, शिक्षक किती दिवस आणि कोणत्या कामासाठी वर्गाबाहेर होता याची नोंद शाळेच्या फळ्यावर जाहीर लिहिली जाईल. या नोंदी तालुक्यातून गोळा करून पंचायत समितीसमोर आणि जिल्हा परिषदेसमोर ठेवल्या, तर रिक्त जागांच्या प्रश्नाला असे बळ येईल की ते कोणत्याही मोर्चाने येणार नाही. मोर्चाही काढावा लागेल. पण हातात तो हिशेब घेऊन.

शनिवारी मुलांनी आनंदात असावे, यावर कोणाचे दुमत असणार? परंतु शनिवारचा आनंद हा सोमवार ते शुक्रवारच्या शिक्षणातून उगवला पाहिजे. ज्या शाळेत सोमवारी वर्गावर शिक्षक आहे, नळाला पाणी आहे, फळ्यावर खडू आहे, तिथे शनिवारसाठी शासन निर्णयाची गरज पडत नाही. मुलांना श्वास घ्यायला शिकविण्याआधी त्यांच्या शाळेला श्वास घेऊ द्या, एवढीच आपली मागणी आहे. ती लहान वाटते, पण तिच्यामागे कर कोणी भरावा, दान कोणी मागावे आणि या देशातले मूल कोणाचे, हे सारे प्रश्न उभे आहेत. त्यांची उत्तरे पाहुणे देणार नाहीत. ती आपल्यालाच द्यावी लागतील.